याकच्या पोटातले बिऱ्हाडकरू

जंत म्हटले की आपल्याला औषध आठवते. घरातले मूल असो की गोठ्यातली म्हैस, औषध पाजले, जंत पडले, विषय संपला! पण इतिहास चाळला की कळते, पोटाचा संसार इतका साधा नाही.

१८४३ साली पॅरिसमध्ये ग्रुबी नावाचा डॉक्टर आणि देलाफों नावाचा पशुवैद्य यांनी रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले असंख्य सूक्ष्मजीव जगापुढे मांडले. गवत खाते गाय, पण पचवतात हे बिऱ्हाडकरू, हे त्यानंतर हळूहळू उलगडत गेले. १९६६ मध्ये रॉबर्ट हंगेट यांनी या कोटीपोटातल्या जगावर एक मोठा ग्रंथच लिहिला.

जंतांचा अभ्यास मात्र वेगळ्याच वाटेने चालला होता. तिथे भाषा होती शत्रूची आणि शस्त्रांची. १९६१ मध्ये थायाबेंडाझोल आले, आणि तीनच वर्षांत मेंढ्यांतले काही जंत त्याला दाद देईनासे झाले. १९८१ मध्ये आयव्हरमेक्टिन आले. गंमत अशी, की तेही जपानच्या मातीतल्या एका जिवाणूची देणगी. त्यासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले.

पोट एकच, पण त्यातले दोन भाडेकरू अभ्यासणारी माणसे वेगळी. खरे तर या दोघांचे रोजचे देणेघेणे असते. ऑस्टर्टाजिया हा जंत गुरांच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात आम्ल बनवणाऱ्या पेशींची नासधूस करतो. आम्ल घटले, की एरवी तिथे मरणारे जिवाणू तग धरतात. उलट, २०१० मध्ये उंदरांत असे दिसले, की एका कृमीच्या अंड्यांना उबायला आतड्यातल्या जिवाणूंचीच मदत लागते!

हे सगळे तिबेटच्या पठारावर नेऊन पाहा. तीन हजार मीटरच्या वर, हिरवे गवत वर्षातून जेमतेम काही महिने. याक हिवाळाभर वाळत जातो. त्याला तारतात पोटातले सूक्ष्मजीव. २०१६ च्या एका संशोधनात दिसले, की याक आणि तिबेटी मेंढी यांच्या कोटीपोटात सखल भागातल्या गुरांपेक्षा मिथेन कमी बनतो आणि अंगी लागणारी आम्ले जास्त. म्हणजे गवताच्या काडीकाडीचा हिशेब! आणि थंड प्रदेशातले काही जंत हिवाळाभर पोटाच्या अस्तरात निपचित पडून राहतात, वसंतात जागे होतात. नेमके जनावर सर्वात खंगलेले असते तेव्हा.

तिथल्या पशुपालकाचे दूध, लोकर, ओझे आणि चुलीतले शेणसुद्धा या एका जनावरावर. जंताचे औषध नको, असे मुळीच नाही. पण जंत किती पडले एवढेच मोजून भागणार नाही. मागे उरलेल्या बिऱ्हाडाचे काय झाले, तेही विचारायला हवे. शास्त्राला हा प्रश्न सुचायला दीडशेहून जास्त वर्षे लागली. उत्तराला तरी तेवढी लागू नयेत.