गांजा-वैधीकरणाच्या वादातील भावनिक आवाहन

गांजाची लागवड, विक्री व सेवन यांवरील बंदी ठेवावी की उठवावी, या राजकीय वादात भीती, करुणा, वात्सल्य, संताप अशा भावनांना हात घालून मतदारांचे वा लोकप्रतिनिधींचे मत वळवण्याच्या युक्त्यांना ही संज्ञा लावता येते. भावनिक आवाहन खोटेच असते असे नाही. खऱ्या रुग्णाची खरी वेदनाही प्रचाराचे साधन होते. एका माणसाची कहाणी साऱ्या प्रश्नाची प्रतिनिधी म्हणून पुढे करणे, हे या युक्त्यांचे समान लक्षण होय. कहाणी कोणाची निवडली जाते यावर मतदाराच्या मनात उमटणारी भावना ठरते आणि पुष्कळदा कायद्याचा आकारही.

या युक्त्यांचा सलग इतिहास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पाहायला मिळतो. तेथील अनेक राज्यांत नागरिक सह्या गोळा करून कायद्याचा प्रस्ताव थेट मतदानाला घालू शकतात. त्यामुळे हा वाद विधिमंडळापुरता न राहता दूरचित्रवाणीवरील जाहिराती व घरोघरी येणारी पत्रके यांच्यामार्फत मतदारापर्यंत पोचतो.

भीतीचे पर्व : केंद्रीय अमली पदार्थ विभागाचे प्रमुख हॅरी अॅन्सलिंगर (कार्यकाल 1930–62) यांनी गांजाविरोधी प्रचाराची घडी बसवली. टॅम्पा (फ्लोरिडा) येथे 1933 मध्ये एका तरुणाने आई-वडील व भावंडांना कुऱ्हाडीने ठार मारले. हे हत्याकांड गांजामुळेच घडले, असे अॅन्सलिंगर सांगत राहिले; आरोपी मनोरुग्ण होता ही बाब मागे पडली. ‘अमेरिकन मॅगझिन’च्या जुलै 1937 च्या अंकातील त्यांच्या सहलेखनाच्या लेखाने गांजाला तरुणाईचा मारेकरी ठरवले. मेक्सिकन स्थलांतरित व कृष्णवर्णीय यांच्याविषयीच्या पूर्वग्रहांची जोड या प्रचाराला होतीच. त्याच वर्षी गांजावर जाचक कर बसवणारा कायदा संसदेने मंजूर केला. संसदीय समितीपुढील सुनावणीत अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे विल्यम वुडवर्ड यांनी आक्षेप घेतला, की सारी भिस्त वर्तमानपत्रांतील बातम्यांवर आहे. तुरुंग विभाग किंवा बालकल्याण विभाग यांच्याकडून थेट माहिती कोणीच मागवलेली नाही. समितीने त्यांचे म्हणणे मनावर घेतले नाही.

पालकांना सावध करण्यासाठी 1936 मध्ये निघालेला ‘टेल युवर चिल्ड्रन’ हा चित्रपट पुढे ‘रीफर मॅडनेस’ या नावाने ओळखला गेला. 1970 मध्ये स्थापन झालेल्या ‘नॉर्मल’ या वैधीकरणवादी संघटनेच्या कीथ स्ट्रूप यांनी 1972 मध्ये त्याची प्रत मिळवून त्याचे खेळ लावले. प्रेक्षक आता हसू लागले होते. ज्या पिढीने गांजा ओढणारे मित्र पाहिले होते, तिच्यावर अतिरंजित भीतीचा उलटाच परिणाम झाला.

शास्त्रीय अहवाल मात्र या भीतीपुढे वारंवार हरले. न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांच्या समितीने 1944 मध्ये गांजा व गंभीर गुन्हे यांचा संबंध नाकारला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कारकिर्दीत नेमलेल्या शेफर आयोगाने 1972 मध्ये वैयक्तिक वापरासाठी गांजा बाळगणे गुन्हा मानू नये, अशी शिफारस केली. निक्सन यांनी ती धुडकावली.

रुग्णाची कहाणी : 1980 नंतर एड्सच्या साथीने चित्र पालटले. सॅन फ्रान्सिस्कोत ‘ब्राउनी मेरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मेरी रॅथबन या वृद्ध स्त्रीने रुग्णालयातील एड्सग्रस्तांना गांजा घातलेले केक वाटले. तिच्यावर अटकेची कारवाई झाली, तेव्हा सहानुभूती तिच्याच वाट्याला आली. जोडीदाराचा एड्सने मृत्यू पाहिलेले डेनिस पेरॉन यांनी रुग्णांसाठी गांजा-वितरण केंद्र काढले व कॅलिफोर्नियातील 215 क्रमांकाच्या प्रस्तावात पुढाकार घेतला. त्या कायद्याच्या नावातच ‘करुणा’ होती. नोव्हेंबर 1996 मध्ये सुमारे 56 टक्के मतांनी तो संमत झाला. केंद्राचे अमली पदार्थ धोरणप्रमुख बॅरी मॅकॅफ्री यांनी औषधाच्या या दाव्याची टर उडवली. परंतु मरणासन्न माणसासमोर थट्टा निष्ठुर दिसते, ही अडचण विरोधकांना शेवटपर्यंत सोडवता आली नाही.

2013 मध्ये सीएनएनवरील माहितीपटात डॉ. संजय गुप्ता यांनी तीव्र अपस्माराने पीडित असलेल्या कोलोरॅडोतील एका लहान मुलीची कहाणी दाखवली. गुप्ता पूर्वी गांजाचे विरोधक होते व मत बदलल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले, त्यामुळे त्यांच्या शब्दाला अधिक वजन आले. पुढच्याच वर्षी अलाबामा, मिसिसिपी, युटा अशा रूढिप्रिय राज्यांनीही, गांजातील नशा न आणणाऱ्या कॅनाबिडिऑल या घटकापुरती, तीही मुख्यतः अपस्मारासाठी, सूट दिली.

पालकाची भूमिका : केवळ करमणुकीसाठी होणाऱ्या वापराला मान्यता मिळवताना रुग्ण पुढे करता येईना. 2012 मध्ये वॉशिंग्टन राज्यातील एका जाहिरातीत, आपल्याला स्वतःला गांजा आवडत नाही असे सांगणारी एक स्त्री कर व नियंत्रण यांचे फायदे समजावते. कोलोरॅडोतील जाहिरातीत तरुण मुलगी आईला पत्र लिहून दारूपेक्षा गांजा बरा असल्याचा दिलासा देते. दोन्ही ठिकाणचे प्रस्ताव सुमारे 55 टक्के मतांनी संमत झाले. या प्रचाराने भीती नाहीशी केली नाही, तिचा रोख बदलला : वय न विचारणारा गल्लीतला विक्रेता हा मुलांना खरा धोका, असे सांगितले गेले. कोलोरॅडोच्या प्रस्तावात अबकारी कराचे पहिले 4 कोटी डॉलर शाळांच्या बांधकामासाठी राखून ठेवले होते.

विरोधकांनीही मुलांचाच आधार घेतला. 2013 मध्ये केव्हिन सॅबेट व माजी संसद-सदस्य पॅट्रिक केनेडी यांनी काढलेल्या ‘सॅम’ या संस्थेने खुनी नशेबाजाचे जुने चित्र बाजूला सारले आणि सिगारेट कंपन्यांसारख्या नफेखोर गांजा-उद्योगाचे चित्र उभे केले. गोळ्या-चॉकलेटांसारख्या दिसणाऱ्या गांजाच्या पदार्थांची छायाचित्रे या प्रचारात प्रभावी ठरली. फ्लोरिडात 2014 मध्ये गांजाच्या बिस्किटाचा संबंध बलात्काराशी जोडणारे प्रचारसाहित्यही निघाले. औषधी वापराच्या त्या प्रस्तावाला सुमारे 58 टक्के मते पडली. पण तेथे 60 टक्क्यांची अट असल्याने तो फेटाळला गेला.

उद्योगाविषयीचा हा संशय ओहायोत 2015 मध्ये निर्णायक ठरला. लागवडीचा हक्क मोजक्या गुंतवणूकदारांच्या दहा जागांपुरता ठेवणाऱ्या प्रस्तावाच्या प्रचारात ‘बडी’ नावाचे कार्टूनसारखे पात्र वापरले गेले. मुलांना भुरळ घालण्याचा आरोप जणू समर्थकांनी स्वतःहून ओढवून घेतला. सुमारे 64 टक्के मतदारांनी प्रस्ताव नाकारला.

अन्यायाचा संताप : नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या ‘एसीएलयू’च्या 2013 च्या अहवालानुसार गांजा बाळगल्याबद्दल कृष्णवर्णीयांना अटक होण्याची शक्यता श्वेतवर्णीयांच्या 3.73 पट होती, जरी दोन्ही गटांतील सेवनाचे प्रमाण जवळपास सारखे होते. त्यानंतर किरकोळ गुन्ह्याच्या नोंदीमुळे नोकरी व घर यांना मुकलेला तरुण प्रचारात आला. इलिनॉय (2019) व न्यूयॉर्क (2021) येथील कायद्यांत जुन्या गुन्ह्यांच्या नोंदी पुसण्याची तरतूद त्यामुळेच ठळकपणे आली.

भारतीय संदर्भ : भारतातील वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरली आहेत, ही समजूत एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये पसरली होती. ब्रिटिश संसदेत प्रश्न आल्यावर 1893 मध्ये भांग-गांजा-चरस चौकशी आयोग नेमला गेला. त्याने हजाराहून अधिक साक्षी नोंदवल्या व इस्पितळांची दप्तरे तपासली. वेडाचे कारण म्हणून ‘गांजा’ हा शेरा पुष्कळदा चौकशीविनाच लिहिलेला आढळला. माफक सेवनाने फारशी हानी होत नाही, असा निष्कर्ष आयोगाने 1894 मध्ये काढला. 1985 च्या केंद्रीय अमली पदार्थ कायद्याने गांजा व चरस यांवर बंदी घातली, मात्र पानांपासूनची भांग गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवली. धार्मिक प्रथेविषयीचा आदर व नशेविषयीची भीती असे दोन्ही सूर त्यामुळे येथे एकत्र ऐकू येतात.

मूल्यमापन : गॅलप संस्थेच्या पाहणीत वैधीकरणाला पाठिंबा देणारे अमेरिकन 1969 मध्ये 12 टक्के होते, 2013 मध्ये 58 व 2023 मध्ये 70 टक्के. हा बदल केवळ प्रचाराने घडला असे म्हणता येत नाही; पिढ्या बदलल्या, तसाच लोकांचा अनुभवही बदलला. मात्र कायद्यांच्या तपशिलावर प्रचारातील कहाण्यांचा ठसा स्पष्ट दिसतो. अपस्माराच्या मुलाची कहाणी जेथे पुढे आली तेथे सूट एका घटकापुरती राहिली. मरणासन्न रुग्णाच्या कहाणीवर जिंकलेल्या कॅलिफोर्नियात कायद्याने गांजाने आराम पडणाऱ्या ‘अन्य कोणत्याही आजारा’ला जागा दिली.

ज्यांना कहाणीचा चेहरा मिळत नाही, अशा बाबी या पद्धतीत दुर्लक्षित राहतात. नशेत वाहन चालवणे, प्रौढांमधील व्यसनाधीनता, नशा आणणाऱ्या टीएचसीचे मालातील वाढते प्रमाण हे प्रश्न अपघात किंवा आकडे म्हणून येतात आणि मागे पडतात. वैधीकरणाचा सर्वांत मोठा लाभार्थी, म्हणजे निव्वळ मौजेसाठी गांजा ओढणारा प्रौढ, दोन्ही बाजूंच्या प्रचारात क्वचितच दिसतो. समर्थकांना त्याची लाज वाटते आणि विरोधकांना तो पुरेसा भीतिदायक वाटत नाही. दुकाने उघडल्यावर मात्र मुख्य ग्राहक तोच असतो. म्हणून विक्रीची वेळ, मालाची तीव्रता, जाहिरातींवरील मर्यादा यांसारखे त्याच्याशी संबंधित नियम बहुधा मतदानानंतर, प्रचाराचा जोर ओसरल्यावर ठरवावे लागतात.