भेगांचा विसर

तणनाशक फवारले, तण मेले. मग उरलेले औषध जाते कोठे? प्रश्न साधा दिसतो खरा, पण त्याचे उत्तर आकड्यांत मांडताना जाणत्या माणसांच्या हातूनही एक गोष्ट विसरली गेली. तिचीच हकीकत आज आम्हांला सांगावयाची आहे.

इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथे लॉझ आणि गिल्बर्ट ह्या जोडीने १८७० साली मातीचे तीन ठोकळे जागच्या जागी, खालून पोखरून व भोवती भिंत बांधून वेगळे केले. खोली २०, ४० आणि ६० इंच. क्षेत्र प्रत्येकी एकराचा हजारावा भाग. माती उकरून पुन्हा भरली असती तर काम सोपे झाले असते. पण त्यांनी तसे केले नाही, आणि सारे महत्त्व ह्यातच आहे. खाली झिरपणारे पाणी वर्षानुवर्षे मोजून १८८२ साली वॉरिंग्टनसह त्यांनी सांगितले की, पावसाचे काही पाणी मातीत मुरून सावकाश उतरते, तर काही मोकळ्या वाटांनी, मातीशी फारशी ओळखदेख न करता, सरळ खाली जाते.

गणिताची वाट मात्र निराळी होती. दिजाँच्या डार्सीने १८५६ साली वाळूतून पाणी कसे वाहते ह्याचा नियम दिला. १९३१ साली अमेरिकेत रिचर्ड्सने तो अर्धवट ओल्या मातीला लावला. पुढे तणनाशके आली. १९८४ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याने केलेल्या प्रतिमानात तर माती म्हणजे एकाखाली एक ठेवलेली मडकी: वरचे भरले की खालच्यात सांडायचे. औषध मातीला किती चिकटते आणि किती दिवसांत निम्मे होते, हे दोन आकडे त्यात मुख्य. ॲट्राझिन साधारण ६० दिवसांत निम्मे होते असे धरतात; म्हणजे सहा महिन्यांनी अष्टमांश उरावे. हिशेब चोख, आणि रेताड जमिनीत तो पुष्कळदा जमतोही.

पण ऑक्सफर्डशायरमधील ब्रिमस्टोन शेताच्या भारी चिकण मातीत आयसोप्रोट्यूरॉन हे तणनाशक पावसाबरोबर निचऱ्याच्या नळांतून बाहेर आले. औषध कुजविणारे जिवाणू बहुतेक वरच्या थरात, आणि औषध तर भेगेतून केव्हाच खाली! बेव्हन आणि गेरमान ह्यांनी १९८२ साली ह्या वाटांकडे पुन्हा लक्ष वेधले. नंतर स्वीडनमधील उप्साला येथे यार्विसने मुरणारे पाणी आणि भेगेतले पाणी वेगळे मोजणारे प्रतिमान रचले. मधे शंभर वर्षे गेली.

आम्हां काळ्या जमिनीच्या लोकांना ह्यात नवल ते काय? वैशाखात हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा आपण पाहिल्या आहेत. पहिल्या पावसाचे पाणी त्यांत गडप होतानाही पाहिले आहे. ही माती भिजली की फुगते, भेगा मिटतात. म्हणून जूनमधले शेत ऑगस्टमध्ये तेच राहत नाही. मक्यावर ॲट्राझिन मारतात ते पेरणीनंतर, उगवणीपूर्वी. कुळवणीने भेगांची तोंडे बुजतात हे खरे. पण त्या वेळी पोटात त्या मिटलेल्या असतातच असे नाही. आणि बांधाला विहीर असते, तिचे पाणी घरी पितात.