गलबतांची छावणी

जयेंद्रगंजात राहणाऱ्या माणसाला ‘छावणी’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. शिंद्यांची छावणी तेथून जवळच आहे. ज्या लष्कर शहरात जयेंद्रगंज वसले, त्याचे नावही एका तळावरूनच पडलेले आहे. 1810 साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. पुढे राहुट्यांच्या जागी वाडे उठले, बाजार भरले आणि फौजेचा मुक्काम हेच शहर झाले. त्यामुळे छावणी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे घोडे, तोफा आणि बुणगे उभे राहतात. परंतु मराठी राज्यात दरवर्षी आणखी एक छावणी पडत असे आणि तिच्यात एकही घोडा नसे. ती छावणी गलबतांची. आज तिच्याविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या ग्वाल्हेरकरांना गलबतांच्या गोष्टी कशाला, अशी शंका कोणी घेईल. परंतु आपल्या देशात 5 एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, आणि त्याचा धागा ग्वाल्हेरपर्यंत येतो. 1919 साली त्या तारखेस मुंबईहून इंग्लंडकडे निघालेली ‘लॉयल्टी’ ही बोट सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची होती. तत्पूर्वी, पहिल्या महायुद्धाच्या काळात, ती माधवराव शिंद्यांकडे असून जखमी सैनिकांचे तरंगते इस्पितळ म्हणून वापरली गेली होती. अशा मोठ्या जहाजांची चरित्रे लिहिली जातात. लहान नावांच्या वाट्याला ते भाग्य येत नाही. आणि त्या नावा वर्षानुवर्षे चालत्या ठेवणाऱ्या माणसांच्या वाट्याला तर मुळीच येत नाही.

कोकणचा नकाशा पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या आखूड आहेत. परंतु त्यांच्या मुखाशी समुद्र खाडीच्या रूपाने कितीतरी आत शिरलेला आहे. रस्ते नव्हते तेव्हा या खाड्या हेच कोकणचे राजमार्ग होते. सावित्रीतून महाडपर्यंत, कुंडलिकेतून रोह्यापर्यंत, वाशिष्ठीतून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत आणि वाघोटनच्या खाडीतून खारेपाटणपर्यंत मालाच्या नावा जात. घाटमाथ्यावरचा माल बैलांच्या पाठीवरून कुंभार्ली घाटाने चिपळुणास उतरे आणि तेथून पाण्याच्या वाटेने मुंबईस जाई. परतीच्या खेपेला मीठ, कापड, नारळ असा माल वर येई. युरोपात लोकांनी कालवे खणून जे साधले, ते कोकणात भरती-ओहोटीने फुकट दिले होते.

फुकट म्हटले खरे. परंतु त्याचे मोल कोणीतरी देतच होते. मचव्यावर किंवा पडावावर तांडेल आणि त्याच्या हाताखाली काही खलाशी असत. खारवी, भंडारी, गाबीत, कोळी, दालदी अशा समाजांतून ही माणसे येत. त्यांचा दिवस सूर्यावर चालत नसे, चंद्रावर चाले. भरती लागली की मध्यरात्रीसुद्धा उठून नांगर उचलावयाचा, आणि ओहोटी लागली की भर दुपारी चिखलात नाव टेकवून स्वस्थ बसावयाचे. वारा पडला तर बांबूच्या लांब काठ्या खाडीच्या तळाशी रोवून नाव ढकलावयाची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला अवजड माल वरच्या धक्क्यापर्यंत न्यावयाचा; मधल्या भांगाच्या दिवसांत पाणी थोडे, म्हणून ओझेही थोडे घ्यावयाचे. हे पंचांग पोथीत पाहावे लागत नसे, ते खलाशाच्या अंगात भिनलेले असे.

नावेवर सर्वांत मोठी काळजी दोन पाण्यांची. एक पिण्याचे आणि दुसरे तळाशी साचणारे. सभोवती पाणीच पाणी असताना गोडे पाणी पिंपात मोजून भरावे लागे आणि मोजूनच काढावे लागे. अंघोळीला, भांड्यांना आणि कपड्यांना खारे पाणी. तळाशी झिरपणारे पाणी सकाळ-संध्याकाळ उपसून टाकणे हे कामांतले पहिले काम. नव्या पोऱ्याची उमेदवारी बहुधा त्यानेच सुरू होई. उपसलेले पाणी रोजच्यापेक्षा अधिक निघाले तर तांडेल काही न बोलता फळ्यांच्या सांध्यांवरून बोट फिरवून पाही. चूल म्हणजे वाळू किंवा माती भरलेली लाकडी पेटी. लाकडाच्या नावेत अग्नी पाळावयाचा तो असा बांधून. भात, सुकी मासळी, कोकमाचे सार, कधी नारळाचा कीस, एवढ्यावर मुंबईपर्यंतचा प्रवास होई. झोपावयाचे ते मालाच्या गोणींवर, शिडाच्या घडीखाली. घर मात्र किनाऱ्यावर असे. बायकामुले गावी, आणि घरधनी आठ महिने पाण्यावर, अशी संसाराची वाटणी ठरून गेलेली होती.

ज्येष्ठ जवळ आला, दक्षिणेचे वारे उठू लागले आणि समुद्र खवळण्याची चिन्हे दिसू लागली, की नावांची छावणी पडे. उधाणाची भरती साधून नाव जितकी वर आणता येईल तितकी आणावयाची. मग तिच्याखाली ओंडके सरकवून, दोर लावून, गावच्या माणसांनी आरोळ्या देत ती ओढून घ्यावयाची. दोन्ही अंगांस टेकू लावले, नारळीच्या झापांनी ती शाकारली, म्हणजे नाव चार महिन्यांपुरती घरासारखी दिसू लागे. शाकारणे हा शब्द आपण घराच्या छपरासाठी वापरतो. कोकणात नावेलाही छप्पर लागते, कारण पाण्यात जन्म काढणाऱ्या लाकडाला वरून पडणारे पावसाचे पाणी मात्र कुजवते.

या चार महिन्यांत नावेचे पुढचे आयुष्य ठरे. तळाला चिकटलेले शेवाळ आणि शिंपले खरवडून काढावयाचे. फळ्यांच्या सांध्यांतील जुना कापूस उकरून तेला-राळेत भिजवलेला नवा कापूस ठोकून बसवावयाचा. गंजलेले खिळे बदलावयाचे. पाण्याखाली राहणाऱ्या भागाला चुना व चरबी यांचा लेप, वरच्या भागाला माशाचे तेल. शिडे उसवून शिवावयाची, काथ्याचे दोर नव्याने वळावयाचे. या साऱ्या खटाटोपाचे मुख्य कारण म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारा, लाकूड आतून पोखरणारा एक जीव. बाहेरून फळी शाबूत दिसते आणि आतून तिची चाळण झालेली असते. हा जीव गोड्या पाण्यात फार काळ तग धरीत नाही, हे आज शास्त्र सांगते. पावसाळ्यात खाडीच्या वरच्या अंगास पाणी गोडे होते. तेथे नाव ठेवली की तिला औषधावाचून गुण येई. श्रावणात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण झाला की छावणी उठे.

एकट्या नावेचे हे गणित राज्याच्या आरमाराला लावले म्हणजे त्याची खरी अडचण समजते. शिवाजी महाराजांनी 1657 साली कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर तेथे जहाजबांधणीला आरंभ झाला. गुराबा, गलबते, तरांडी, शिबाडे, पगार अशी नाना प्रकारची जहाजे त्या आरमारात होती. या सर्वांना लाकूड हवे, दोर हवा, माणूस हवे, आणि चार महिने विसाव्याची जागा हवी. 1715 साली रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. लढाईच्या डावपेचांइतकीच त्यात देखभालीची चिंता वाहिलेली आहे, ही गोष्ट आपण बहुधा विसरतो.

आरमाराची छावणी दरसाल एकाच बंदरात करू नये, असे अमात्य बजावतात. कारण साधे आहे. शेकडो माणसे चार महिने ज्या गावी राहतील, त्या गावाला कितीही ताकीद दिली तरी उपद्रव होणारच. तो एकाच गावाने वर्षानुवर्षे का सोसावा? लाकडाविषयी तर त्यांचे म्हणणे अधिकच विचार करण्याजोगे आहे. सागवान हुकुमाने तोडून आणावे, कमी पडल्यास परमुलखातून विकत आणावे. परंतु आंबा, फणस यांची लाकडे आरमाराच्या उपयोगाची असली तरी त्या झाडांना हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच ते तोडावे. जहाज तरंगते ते पाण्यावर खरे, पण त्याचा भार किनाऱ्यावरच्या गरिबाच्या परसावर पडतो, हे या कारभाऱ्याने ओळखले होते.

ज्या वाघोटनच्या खाडीतून खारेपाटणास नावा जात, तिच्याच मुखाशी विजयदुर्ग उभा आहे. किल्ल्यापासून थोडे आत खाडीच्या काठी खडक फोडून केलेली आंग्रेकालीन गोदी आजही दिसते. भरतीबरोबर जहाज आत घ्यावयाचे, पाणी ओसरले की तळ उघडा पडे आणि सुतारांचे हात चालू लागत. पिढ्यान् पिढ्या या हातांनी जे जपले, ते फेब्रुवारी 1756 मध्ये पेशव्यांच्या संमतीने आलेल्या इंग्रज आरमाराच्या तोफांपुढे आले. एका जहाजास लागलेली आग शेजारच्या जहाजांस लागली आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार पाहता पाहता जळून गेले. पुढे विजयदुर्गास धुळपांच्या हाताखाली पेशव्यांचे आरमार राहिले. परंतु 1756 साली जळाले ते केवळ लाकूड नव्हते, असंख्य पावसाळ्यांची मेहनत होती.

आता क्षणभर सातासमुद्रांपलीकडे जाऊ. त्याच शतकात इंग्लंडात कालव्यांचे युग सुरू झाले. 1761 साली ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरच्या खाणीतला कोळसा जेम्स ब्रिंडलीच्या कालव्याने निघाला आणि लौकरच मँचेस्टरात कोळशाचा भाव निम्म्यावर आला. कालव्यांची दारे अरुंद, म्हणून नावाही चिंचोळ्या. सुमारे 70 फूट लांब आणि जेमतेम 7 फूट रुंद. एक घोडा काठावरून दोर ओढी आणि 25 टन माल पाण्यावरून सरके. पुढे आगगाडी आली, भाडी पडली, आणि किनाऱ्यावरचे घर परवडेनासे झाल्यामुळे अनेक नावाडी बायकामुलांसह नावेवरच राहू लागले.

नावेच्या शेपटाकडे सुमारे 10 फुटांची एक खोली. तिच्यात चूल, कपाटाचे दार पाडले की होणारे मेज, आणि रात्री उलगडावयाचा पलंग. त्या एवढ्याशा जागेत पितळ लखलखीत घासलेले असे, भिंतींवर झालरीच्या बशा टांगलेल्या असत आणि दारांवर व पाण्याच्या डब्यांवर गुलाब व किल्ले रंगविलेले असत. पाणी तेथेही मोजूनच वापरावयाचे, कपडे काठावर धुवावयाचे. तेथील सुतार डांबरात घोड्याची लीद व जनावरांचे केस कालवून, तो लेप कढत असतानाच फळ्यांवर थापीत. आपल्या चुना-चरबीचेच ते दूरचे भावंड.

एक फरक मात्र मोठा. कोकणातला खलाशी घर किनाऱ्यावर ठेवून निघे. या इंग्रज नावाड्याने घरच पाण्यावर आणले, आणि त्याबरोबर मुलांचे बालपणही. आई सुकाण धरी, मुले घोड्यामागून चालत, शाळा कोणास ठाऊक नसे. जॉर्ज स्मिथ नावाच्या गृहस्थाने यावर रान उठविले आणि 1877 व 1884 साली पार्लमेंटने कायदे केले. नावेची नोंद करावी, खोलीत किती माणसांनी झोपावे याला मर्यादा असावी, मुलांच्या शिक्षणाकडे पाहावे, असा त्यांचा रोख होता. स्वस्त कोळशाची उरलेली किंमत कोण देत होते, हे देशाच्या लक्षात यावयास शंभरावर वर्षे लागली. 1962-63 च्या हिवाळ्यात कालवे गोठले आणि आधीच मोडकळीस आलेली ती मालवाहतूक बहुतेक संपली. आज त्याच कालव्यांवर हजारो लोक हौसेने किंवा घरभाडे परवडत नाही म्हणून राहतात. नावा पोलादाच्या झाल्या. तरी दोन-तीन वर्षांनी पाण्याबाहेर काढून तळाला काळा लेप द्यावाच लागतो. तिचीही छावणी चुकत नाही.

कोकणात लाकडी मचव्यांची जागा बहुतेक ठिकाणी यंत्राच्या व फायबरच्या होड्यांनी घेतली आहे. पावसाळ्यातील मासेमारीबंदी आता सरकारी हुकुमाने 1 जून ते 31 जुलै अशी पाळली जाते. साधने बदलली, पण विसाव्याचा आणि डागडुजीचा काळ सुटला नाही. जी वस्तू पाण्याशी संबंध ठेवते, तिची दरवर्षी काळजी वाहावी लागते. आणि त्या काळजीचा बोजा कोणाच्या अंगणात टाकावयाचा, हा प्रश्नही दरवर्षी नव्याने सोडवावा लागतो. अमात्यांनी तो बंदरे बदलून आणि झाडाचे मोल देऊन सोडविला, इंग्लंडने उशिरा कायदा करून.

आपल्या लष्करातून वाहणारी स्वर्णरेखा आज काँक्रीटच्या भिंतींमधून शहराचे सांडपाणी वाहून नेते. तिच्यावर कधी गलबते चालली नाहीत आणि चालणारही नाहीत. परंतु जयेंद्रगंजातून शिंद्यांच्या छावणीकडे जाताना पावसाळ्याच्या तोंडी एखाद्या दिवशी ती दृष्टीस पडली, तर खाडीकाठच्या त्या दुसऱ्या छावणीची आठवण करावी. मृगाच्या आधी गाव एकत्र येई, ओंडके घाली, दोराला हात लावी, आणि नाव वर घेई. त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. पण पुढच्या श्रावणात नाव पुन्हा पाण्यात जाई, ती त्यांच्यामुळे.