प्रथिनांपासूनची साखर
आहारातील प्रथिने रक्तातील साखर वाढवतात का, हा प्रश्न आज प्रोटीन पावडरीच्या निमित्ताने विचारला जात असला, तरी त्याचे पहिले आकड्यांतले उत्तर कुत्र्यांच्या लघवीवरून मिळाले. 1889 मध्ये स्ट्रासबुर्ग येथे ओस्कार मिंकोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले असता त्याला तीव्र मधुमेह जडला. अशा कुत्र्याला केवळ मांस दिले, तरी त्याच्या लघवीतून साखर जातच राहते आणि तिचे लघवीतील नायट्रोजनाशी प्रमाण साधारण 2.8 ला 1 असे टिकते, हे मिंकोव्स्की यांनी दाखवले. सुमारे 6.25 ग्रॅम प्रथिनांमागे 1 ग्रॅम नायट्रोजन असतो, त्यामुळे किती प्रथिनांची किती साखर झाली याचा हिशेब या प्रमाणावरून मांडता येई. पुढे अमेरिकेत ग्रॅहम लस्क यांनी कुत्र्यांना फ्लोरिझिन, म्हणजे मूत्रपिंडांतून साखर बाहेर जाऊ देणारे एक वनस्पतिजन्य द्रव्य, दिले, तेव्हा हे प्रमाण 3.65 पर्यंत गेले आणि 100 ग्रॅम प्रथिनांतून 58 ग्रॅम साखर होऊ शकते असे मानले जाऊ लागले.

हा आकडा प्रयोगशाळेपुरता राहिला नाही. 1921 मध्ये रोलिन वुडयाट यांनी मधुमेहींच्या आहारासाठी मांडलेल्या सूत्रात कर्बोदकांच्या वजनात प्रथिनांचे 58 टक्के आणि स्निग्ध पदार्थांचे 10 टक्के मिळवले जात. स्वादुपिंडात तयार होणारे, रक्तातील साखर उतरवणारे इन्सुलिन अद्याप हाती आले नव्हते आणि अनेक रुग्ण अर्धपोटी ठेवले जात होते. त्यांच्या ताटातील मांस व अंडी साखरेच्या खाती मांडणे ही निव्वळ आकडेमोड नव्हती.

दरम्यान थोड्याशा रक्तातील साखर मोजण्याच्या पद्धती रूढ झाल्या होत्या. 1936 मध्ये मिशिगन विद्यापीठातील जेरोम कॉन आणि लुईस न्यूबर्ग यांनी हिशेबाने सारखीच साखर देणारे ग्लुकोज आणि मांस यांची तुलना केली, तेव्हा ग्लुकोजनंतर चढणारी रक्तशर्करा मांसानंतर फारशी हललीच नाही. याचे कारण कळण्यासाठी रक्तातील इन्सुलिन मोजता यावे लागले, आणि ते रोझालिन यालो व सॉलोमन बर्सन यांच्या किरणोत्सारी पद्धतीने 1960 च्या सुमारास शक्य झाले. 1966 मध्ये कॉन यांचाच सहभाग असलेल्या मिशिगनच्या गटाने दाखवले, की प्रथिनांमुळे आणि त्यांच्यातील अमिनो आम्लांमुळे इन्सुलिन स्रवते. त्याच वेळी ग्लुकॅगॉन, म्हणजे यकृतातील साखर रक्तात सोडायला लावणारे संप्रेरकही वाढते, आणि या दोघांच्या परस्परविरोधी ओढीत निरोगी माणसाची रक्तशर्करा जवळपास स्थिर राहते. मिंकोव्स्कींचे मोजमाप चुकीचे नव्हते. परंतु ते स्वादुपिंड नसलेल्या प्राण्याचे होते, आणि स्वादुपिंड असलेल्या माणसांनाही ते लावले गेले, हा दोष खरा गंभीर होता.

2001 मध्ये मिनियापोलिसच्या संशोधकांनी टाइप 2 मधुमेहींना 50 ग्रॅम प्रथिने मांसाच्या रूपात दिली आणि खुणेच्या अणूंनी माग काढला, तेव्हा त्यांतून जेमतेम 2 ग्रॅम साखर रक्तात आलेली दिसली. 2014 मध्ये 15 टाइप 2 मधुमेहींना न्याहारीआधी 50 ग्रॅम व्हे, म्हणजे चीज करताना उरणाऱ्या निवळीतील प्रथिने, दिल्यावर न्याहारीनंतरच्या तीन तासांतील साखर 28 टक्क्यांनी कमी भरली. मात्र टाइप 1 मधुमेहात शरीर स्वतःचे इन्सुलिन पुरेसे सोडू शकत नाही, आणि तेथे चित्र पालटते: 2016 च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात अशा रुग्णांनी जादा इन्सुलिन न घेता केवळ व्हे प्रथिनांचे पेय घेतले, तेव्हा 75 ग्रॅमपासून पुढच्या मात्रांनी तिसऱ्या ते पाचव्या तासात रक्तशर्करा चढलेली आढळली.