निळीची लेक : ॲनिलीन

निळीच्या रोपाला आणि त्यापासून निघणाऱ्या रंगाला मराठीत ‘गुळी’ असे जुने नाव आहे. संस्कृतातील ‘नील’ हा शब्द मात्र व्यापाराबरोबर दूरवर गेला. फारसीतून तो अरबीत शिरला, तेथे ‘अन्-नील’ झाला आणि पोर्तुगीजांच्या तोंडी ‘अनिल’ बनला. रसायनशास्त्रातील ॲनिलीनचे नाव यावरूनच पडले. वाऱ्याचा वाचक जो ‘अनिल’, त्याच्याशी त्याचे काही नाते नाही.

१८२६ साली ओटो उन्फरडॉर्बेन या जर्मन रसायनज्ञाला निळीचे ऊर्ध्वपातन करताना एक तेलकट द्रव मिळाला. अम्लांच्या संगतीत त्याचे सुरेख स्फटिक बनत, म्हणून त्याने त्याला ‘क्रिस्टॅलिन’ म्हटले. १८३४ मध्ये रुंगेला दगडी कोळशाच्या डांबरात एक द्रव्य सापडले. विरंजक चूर्ण घालताच ते निळे होई. त्याने नाव दिले ‘क्यानॉल’. १८४० च्या सुमारास फ्रिट्शे याने निळीवर दाहक पोटॅशची क्रिया करून ‘ॲनिलीन’ मिळविले, तर १८४२ मध्ये रशियातील कझान येथे झिनिनने नायट्रोबेंझीनपासून ‘बेंझिडाम’ तयार केले. ही चारही नावे एकाच द्रव्याची आहेत, हे १८४३ मध्ये होफमनने दाखवून दिले. बारसे चारदा झाले, पण मूल एकच!

बेंझीनच्या षट्कोनी कड्यातील एका हायड्रोजनच्या जागी अमिनो गट आला की ॲनिलीन होते. ताजे असता ते रंगहीन असते, हवेत राहिले की तपकिरी होत जाते. ते १८४ अंश सेल्सियसला उकळते. अमोनियाचे हे आप्त, परंतु क्षारक म्हणून फार दुबळे. कारण नायट्रोजनची इलेक्ट्रॉनांची जोडी काही अंशी कड्याकडे ओढली जाते. उलट, त्यामुळेच कडे विलक्षण क्रियाशील होते. ब्रोमीनचे पाणी घालावे, की कड्यावर तीन ब्रोमीन अणू बसून पांढरा साका तळाशी जातो. बर्फाच्या थंडाव्यात नायट्रस अम्लाची क्रिया केली की डायाझो लवण मिळते. पीटर ग्रीस याने १८५८ मध्ये शोधलेल्या या वर्गातील संयुगांपासून पुढे पिवळ्या, नारिंगी, तांबड्या रंगांची मोठी मालिका निघाली. हे द्रव्य विषारीही आहे. त्वचेतून वा श्वासातून ते शरीरात गेले, की रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि माणसाचे ओठ व नखे निळसर पडतात.

१८५६ मध्ये होफमनचा अठरा वर्षांचा शिष्य विल्यम पर्किन लंडनमधील घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन बनवू पाहत होता. ॲनिलीनवर पोटॅशियम डायक्रोमेटची क्रिया करता त्याच्या हाती काळा गाळ आला. मद्यार्कात तो जांभळा उतरला. हाच ‘मॉव्ह’ रंग. त्याचे ॲनिलीन अशुद्ध होते, त्यात टोल्युइडिन मिसळलेले होते. ते शुद्ध असते तर हा रंग मिळालाच नसता.

आता उलटा प्रवास सुरू झाला. ॲनिलीनपासून नीळ करण्याचा मार्ग १८९० मध्ये हॉयमनने दाखविला, पण त्यात उत्पन्न फारच थोडे येई. जर्मनीतील बाडिशे कंपनीने १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली, तीही नॅफ्थॅलीनपासून. १९०१ मध्ये प्फ्लेगरने सोडामाइड वापरून ॲनिलीनची वाट सुकर केली. निळीतून निघालेले द्रव्य नीळ घडवू लागले आणि शेतातल्या निळीचा भाव कोसळला.

त्या घसरणीचा भार बिहारमधील चंपारणच्या रयतेवर पडला. तेथे ‘तीनकठिया’ पद्धत होती : वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यात तीन कठ्ठे नीळ लावणे कुळावर बंधनकारक. आता नीळ नको झाली, तेव्हा निळ्यांचे साहेब कुळांना त्या बंधनातून ‘मुक्त’ करू लागले, पण फुकट नव्हे! कोणाचा सारा वाढविला, त्याला ‘शरहबेशी’ म्हणत. कोणाकडून ‘तावान’ या नावाने रोख रक्कम उकळली. पहिल्या महायुद्धात जर्मन रंग येईनासे झाले तेव्हा निळीची लागवड पुन्हा वाढली. एप्रिल १९१७ मध्ये गांधीजी चंपारणात गेले. हजारो कुळांच्या जबान्या लिहून घेण्यात आल्या; सरकारने नेमलेल्या चौकशी समितीत गांधीजीही होते. १९१८ च्या कायद्याने तीनकठिया रद्द झाली.

आजही जीन्सच्या कापडाला लागणारी बहुतेक नीळ ॲनिलीनपासूनच तयार होते.