दाबाची मर्यादा

धार जिल्ह्याच्या एका टोकास नर्मदेच्या खोऱ्यातील, निमाडच्या उन्हात भाजणारे डही आहे. दुसऱ्या टोकास पिथमपूर. तेथे २९ जून २०२१ रोजी ११.३ किलोमीटर लांबीचा वेगचाचणीचा मार्ग खुला झाला. पवारांच्या या जुन्या मुलखात वेगाची विद्या अशी दाराशी आली असता, इंजिनात अधिक हवा कोंबून शक्ती वाढविण्याच्या कल्पनेचा इतिहास पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

दट्ट्या तळाशी असता नळकांड्यात जी जागा असते, ती दट्ट्या माथ्याशी आल्यावर उरणाऱ्या जागेच्या जितकी पट, तितके त्या इंजिनाचे संपीडन-प्रमाण होय. हे प्रमाण वाढेल तसे इंधनाचे अधिक चीज होते. परंतु दाबाबरोबर उष्णताही वाढते. मर्यादा ओलांडली की ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण भडकते, इंजिन ठोके देऊ लागते आणि प्रसंगी दट्ट्यास भोक पडते. ही मर्यादा इंधनावर किती अवलंबून असते, हे पहिल्या महायुद्धानंतर हॅरी रिकार्डो या इंग्रज अभियंत्याने, प्रमाण बदलता येणारे इंजिन बांधून दाखविले.

बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर हवा कोंबण्याची युक्ती स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्येच नोंदविली होती. विमानांच्या मर्लिन इंजिनात हे काम इंजिनानेच फिरणारा पंखा करी. त्याचे संपीडन-प्रमाण मुद्दाम अवघे ६ : १ ठेवले होते. म्हणूनच १९४० मध्ये १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळताच, हवेचा जादा दाब चौरस इंचास ६¼ पौंडांवरून १२ पौंडांवर नेता आला, आणि ब्रिटनच्या आकाशातील झुंजीत ती शक्ती कामी आली.

१९६२ मध्ये एकाच अमेरिकन कंपनीने दोन टर्बो मोटारी विकावयास काढल्या. कॉर्व्हेअर स्पायडरचे प्रमाण ८ : १ इतके उतरविलेले होते. ओल्ड्समोबिल जेटफायरचे मात्र १०.२५ : १ ठेवून, ठोके टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण आत सोडले जाई. त्याची टाकी भरण्याची आठवण मालकाने ठेवावयाची! ती अनेकांस राहिली नाही. पुढे पुष्कळ गाड्यांवरील टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसविले गेले. जेटफायरचे उत्पादन दुसऱ्याच वर्षी थांबले.

यातून निवडीचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम इंधन, मग हवेचा दाब, आणि त्यानंतर दट्ट्या. खोलगट माथ्याचा दट्ट्या प्रमाण उतरवितो, फुगीर माथ्याचा चढवितो. ओतीव दट्ट्या स्वस्त व शांत, पण ठोक्यांनी तडकणारा; घडीव दट्ट्या चिवट, पण तापल्यावर अधिक फुगणारा, म्हणून त्यास नळकांड्यात मोकळीक जास्त द्यावी लागते. आज नळकांड्यात थेट फवारलेले इंधन मिश्रणास थंड करते, आणि हवा आत जाण्यापूर्वी निववताही येते. म्हणून १० : १ प्रमाणाची टर्बो इंजिने सर्रास धावतात. तरीही वैशाखातील डहीची हवा मुळातच तापलेली असते. तेथे वापरावयाच्या इंजिनात प्रमाण थोडे उतरते ठेवणे, हेच शक्तीचे खरे रक्षण होय.