पंधरा घरांचे कार्ड

घरातल्या व्हिडिओ गेमचा इतिहास सांगताना चित्रे किती सुबक होत गेली, हेच बहुधा सांगितले जाते. मला तो साठवणीचा इतिहास वाटतो.

नव्वदच्या दशकात जुन्या नाशकात माझ्या आपाच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम आला. त्याच्या ‘कॅसेट’मध्ये फीत नसायची, चिप असायची. तिच्यातला खेळ चालायचा, पण तिच्यावर काही नोंदवता येत नसे. मारिओ शेवटच्या किल्ल्यापाशी पोचायचा आणि नेमकी लाईट जायची. भाचा ओरडायचा, ‘‘मामू, सगळं गेलं!’’ पुन्हा पहिल्यापासून.

जपानात यावर तोड आधीच निघाली होती. निन्टेन्डोने तिथे १९८६ साली फॅमिकॉमला जोडायची डिस्क आणली. खेळ कुठवर आला ते तिच्यावर राहायचे, आणि दुकानातल्या यंत्रावर ५०० येन देऊन तिच्यावरच नवा खेळ भरून मिळायचा. आमच्या गल्लीपर्यंत ते काही आले नाही.

१९९४ साली जपानात निघालेल्या प्लेस्टेशनच्या पोटात खेळाची नोंद ठेवायला जागाच नव्हती. कार्ड वेगळे घ्यावे लागे. १२८ किलोबाइटचे, १५ घरांचे. काही खेळ एका घरात मावत, काही ऐसपैस पसरत. आपाकडे ते यंत्र आले तेव्हा कार्ड एक आणि मुले दोन. घरे भरली, तेव्हा भाच्याने धाकट्या बहिणीचा खेळ पुसला. तिची महिन्याभराची मेहनत! आठवडाभर अबोला. दुसरे कार्ड आणले तेव्हा कुठे तो सुटला. जागा अपुरी पडली की कोणाचे ठेवायचे हा प्रश्न येतो, आणि घरात त्याचे उत्तर बहुधा थोरला देतो.

पुढे हार्ड डिस्क आल्या. एक्सबॉक्स ३६० भारतात २००६ साली आला. त्याची डिस्क काढता यायची, पण बदली डिस्क कंपनीचीच घ्यावी लागे. २००७ साली आलेल्या प्लेस्टेशन ३ ला मात्र लॅपटॉपची साधी डिस्क चालायची. बाजारातून आणा, स्क्रू फिरवा, बसवा. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हा फरक मोठाच.

पहिल्या प्लेस्टेशन ५ मध्ये ८२५ जीबी जागा, वापरायला सुमारे ६६७. आता एकेक खेळ शंभर जीबी ओलांडतो. सप्टेंबर २०२१ पासून त्यात पुरेशा वेगाची एसएसडी आपली आपण बसवता येते. यूएसबीची डिस्क म्हणजे घरातला माळा. सामान ठेवा, पण या यंत्राचा खेळ खेळायचा तर खाली उतरवा.

कोणी म्हणेल, पुसा आणि हवा तेव्हा नेटवरून परत घ्या. ४० एमबीपीएसच्या लाइनवर शंभर जीबीला साडेपाच तास लागतात! शिवाय दुकानेही मिटतात. निन्टेन्डो वीच्या दुकानातली विक्री जानेवारी २०१९ मध्ये थांबली, एक्सबॉक्स ३६० ची जुलै २०२४ मध्ये.

आपाकडचे यंत्र केव्हाच भंगारात गेले. दुसरे कार्ड भाचीने ठेवले आहे. त्यावर तिने तेव्हा कागद चिकटवून लिहिले होते, ‘हात लावू नये’. तो कागद अजून आहे.